मलकापूरकडची लीलाबाई

नव्या राज्यांच्या सीमा ठरल्या त्या साली लीला चौधरी बऱ्हाणपुरात शनवारा वेशीजवळच्या मुलींच्या शाळेत शिकवत होती. एका सोमवारी ती सही करायला गेली, तर हजेरीपटावर तिच्या नावावर लाल रेघ.

"बाई, तुम्ही तर मुंबई राज्यात गेल्या ना?" कारकून कौतिकराव म्हणाले. "मलकापूरकडच्या एका शाळेनं तुमचं सेवापुस्तक मागवलंय."

"अहो, मी तुमच्यासमोर उभी आहे."

"ते दिसतंय मला. पण कागद वेगळंच बोलतो."

पत्रात तिचं नाव, वडलांचं नाव, ट्रेनिंगच्या दाखल्याचा नंबर, सगळं बरोबर होतं. लीलानं ते तीनदा वाचलं. कोणत्या राज्यात नोकरी करायची, याचे अर्ज त्या दिवसांत जो तो भरत होता. आपणच कुठं नकळत सही केली की काय, असं तिला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी मोटार बदलत बदलत ती त्या खेड्यात पोचली. मुख्याध्यापकांनी विचारलं, "लीलाबाईंना कोण आलंय म्हणून सांगू?"

तेवढ्यात वर्गातून कुसुम बाहेर आली. ट्रेनिंगला दोघी एका खोलीत राहायच्या. कुसुम शेवटच्या परीक्षेत नापास झाली, तेव्हा पास झाल्यावर कसा दाखला मिळतो ते घरच्यांना दाखवते म्हणून तिनं लीलाचा दाखला नेला होता आणि आठवड्यानं परतही केला होता. मधल्या काळात तिनं त्याची नक्कल करून घेतली होती.

"नवरा गेला, लीला. दुसरं काही सुचलं नाही. तुझं नाव सांगून बऱ्हाणपूरहून बदलून आले म्हणाले," कुसुम हलक्या आवाजात म्हणाली. "तुझ्या नावाला कुठं बोल लागू दिला नाही मी."

दारातून मुली "लीलाबाई" म्हणून हाका मारत होत्या आणि लीला दोनदा चुकून वळली.

"ती नक्कल दे," ती शेवटी म्हणाली. "आणि सरांना तूच सांग. माझ्यासमोर."

कुसुमनं नक्कल दिली आणि सरांना सांगितलं. मुख्याध्यापकांनी तसं लिहून दिलं, तरी बऱ्हाणपुरात नाव परत चढायला दोन महिने गेले.

पुढं लीलानं मूळ दाखला कुणाच्या हाती दिला नाही. नकलेवर ती आडवं लिहायची: कुणासाठी, कशासाठी, कोणत्या तारखेला. शाळेतल्या मुलींनाही तिनं तेच शिकवलं. कुसुमचं काय झालं ते तिला कळलं नाही, आणि आपण केलं ते बरं केलं की वाईट, हेही तिला कधी नीट ठरवता आलं नाही.