मगर देऊन चिमणी

माझा मामा शिंपी आहे. टेलर हा शब्द त्याने फक्त पाटीवर लिहायला ठेवला आहे. खाली दुकान, वर घर, शेजारी एक अरुंद गॅरेज आणि गळ्यात कायम पिवळी टेप, असा त्याचा सगळा संसार. टेप तो जेवतानाही काढत नाही. लग्नाच्या फोटोत ती दिसत नाही, ही मामीच्या मते त्या दिवसातली सगळ्यात मोठी करामत.

मी त्याच्याकडे काज-बटणाचं काम करते, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. तिखटमीठ लावलंच असेल तर ते अगदी चिमूटभर.

दुकानात मामाचा एकच कायदा. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, माप दर वेळी नव्याने घ्यायचं. लोक वैतागतात. मागच्याच वर्षी तर घेतलं होतं, म्हणतात. त्यावर मामा शांतपणे विचारतो, "मागच्या वर्षीचे तुम्ही आता उरलात कुठे?" आणि त्यांना आरशाकडे वळवतो. छातीचं माप तो खणखणीत आवाजात सांगतो, कमरेचं मात्र माझ्या कानाशी येऊन पुटपुटतो. गिऱ्हाइकं त्याला धरून राहिली ती शिलाईमुळे, असं तो समजतो. माझ्या मते ती या पुटपुटण्यामुळे राहिली.

या कायद्याला अपवाद एकच, मामी. थंडी सुरू व्हायच्या आधी दर दोन वर्षांनी मामा तिला एक कोट शिवतो, आणि टेप गळ्यातून काढतसुद्धा नाही. कापड पसरतो, खडू फिरवतो, कात्री घालतो. "तिचं माप मला पाठ आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?" हे वाक्य मी दर खेपेला ऐकलं आहे. आणि कोट मामीच्या अंगावर बेतशीर बसतो, हेही खोटं नाही.

शिंपीकामाखालोखाल मामाचा जीव गाड्यांवर. पहिली गाडी एवढीशी होती. ती गॅरेजमध्ये शिरल्यावरही तिच्या शेजारी मामीची सायकल उभी राहायची. मामीने तिला चिमणी म्हणायला सुरुवात केली आणि पुढे प्रत्येक गाडीला नाव ठेवण्याचा मान तिचाच झाला. चिमणी गेली आणि बोका आला. बोक्यानंतर रेडा. रेडा चढावर कोणाला पुढे जाऊ देत नसे, आणि मामाही. दर वेळी इंजिन मोठं, आवाज मोठा, आणि मामाची मान थोडी आणखी ताठ. शेवटी आली मगर: लांब, काळी, जमिनीला चिकटलेली. गॅरेजमध्ये ती मावण्याचा प्रश्नच नव्हता. ती पलीकडच्या गल्लीत भाड्याच्या जागेत राहायची, आणि गॅरेजमध्ये कापडाचे तागे आणि मुंडकं नसलेले पुतळे राहायला गेले.

रविवारी दोघं फिरायला जायची. कुठे जायचं ते मामा सकाळीच जाहीर करायचा, मामी डबा भरायची. मगर आल्यावर काही महिन्यांनी मामी म्हणायला लागली की आज नको, कंटाळा आलाय. मग दर रविवारी कंटाळा यायला लागला. मामा एकटा जाऊन लवकर परत यायचा. पुढे पुढे तोही जाईना. रविवारी दुकानाचं शटर अर्धं उघडून उगाच कात्र्यांना धार लावत बसायचा, आणि वर मामी खिडकीत बसायची. भांडण असतं तर बरं होतं, मिटवता तरी आलं असतं. मला त्या दोघांकडे बघवत नसे.

उलगडा केला तो एका गिऱ्हाइकाने. फिटिंगला आलेल्या निवृत्त गृहस्थांनी बसायला उंच स्टूल मागितलं. गुडघे गेलेत, म्हणाले, बुटक्या आसनावरून उठता येत नाही, त्यापायी बुटकी गाडीसुद्धा विकून टाकली. मामाच्या तोंडात टाचण्या होत्या. तो तसाच थांबला. मग टाचण्या काढून वर छताकडे बघायला लागला. वर मामी हल्ली खिडकीशीसुद्धा स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावरच बसते, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

शहाण्या माणसाने जिना चढून बायकोला विचारलं असतं. मामाने मला बोलावून बेत सांगितला. मगर द्यायची आणि चिमणी आणायची. तीच चिमणी, कारण कंपनीने त्या मॉडेलचं नाव अजून चालू ठेवलं आहे. उंच बसायची, दारातल्या गॅरेजमध्ये राहायची गाडी. मामीला काही कळू द्यायचं नाही, एकदम समोर उभी करायची. मी म्हटलं, मामा, एकदा विचार तरी. त्याने टेप झटकली आणि म्हणाला, तिचं मला पाठ आहे.

शोरूममध्ये मीही गेले होते. तिथल्या बाईंना आधी काही उमजेना. लोक लहान गाडी देऊन मोठी न्यायला येतात. हा गृहस्थ उलटी गंगा का वाहवतोय? तरी त्यांनी रीतसर विचारलं की तुमचं गॅरेज केवढं आहे. मामा हसला. "या गाडीने आमच्याकडे संसार केलाय," म्हणाला. बाई माहिती देत होत्या आणि मामाचं सगळं लक्ष त्यांच्या कोटाच्या उजव्या खांद्यावर होतं. खांदा बोटभर उतरला होता. बाहेर पडल्यावर त्याने मला तेवढंच सांगितलं. गाडीला त्याने टेप लावली नाही की डोळा.

मामीला सांगितलं की गॅरेज साफ करतोय. तागे दुकानात आले आणि पुतळे फुटपाथवर रांगेत उभे राहिले. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते, एका आजोबांनी तर त्यांची रांग समजून मागे नंबर लावला. पलीकडच्या गल्लीतली जागाही मामाने सोडून टाकली. परतीचे दोर कापणं म्हणतात ते हेच.

गाडी आली ती दुपारी. दिसायला गोड होती, पण मला काहीतरी खटकलं. चिमणीच्या मानाने ही चांगलीच बाळसेदार वाटत होती. मामाने आरसे मिटले, मी हात दाखवत राहिले, आणि गाडी आत गेली. शिंप्याचा हात म्हणून गेली, दुसऱ्याची घासली असती. मग मामाने दार उघडलं. चार बोटं उघडलं आणि भिंतीला टेकलं. पलीकडचं उघडून पाहिलं, तेही चार बोटं. काचेतून त्याने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात जिन्यावर मामीची पावलं वाजली.

गाडी मागे घेतली असती तर प्रश्न मिटला असता. पण मामीने पहिल्याच नजरेत आपली माघार बघावी हे मामाला मान्य नव्हतं. तो पुढच्या आसनावरून मागच्यावर गेला, मागच्यावरून सामानाच्या जागेत, आणि मी मागचं दार उघडल्यावर आधी पाय, मग पोट असा बाहेर आला. टेप मात्र कडीत अडकली. मामी दारात पोचली तेव्हा तो अर्धा आत, अर्धा बाहेर, गळ्यातल्या टेपने गाडीला बांधलेला होता.

मामी जिन्याचा कठडा धरून हसली. हसता हसता डोळे पुसले, पुन्हा हसली. कितीतरी महिन्यांनी ते हसू मी ऐकत होते. मग तिनेच टेप सोडवली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि गाडी मापली. गॅरेज होतं तेवढंच होतं. चिमणी अंगाने भरली होती, वीतभर रुंद आणि हातभर लांब.

"दर वेळी नव्याने माप घ्यायचं, असं कुठल्याशा दुकानात म्हणतात," मामी म्हणाली.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मामा पुतळ्यांपैकी एकाला उचलून दुकानात घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं शोरूममध्ये गेलो. नवीकोरी गाडी होती, बाईंनी बदलून द्यायचं कबूल केलं होतं. त्यांनी समजावून सांगितलं की असं सगळ्याच गाड्यांचं होतं. लोकांना पाय पसरायला जागा हवी असते, दारांत जाडी हवी असते, म्हणून दर नवी आवृत्ती थोडी वाढते. नाव तेच राहतं. आणि जुनी जागा रिकामी झाली की कंपनी तिथे आणखी एक लहान गाडी आणून बसवते, थोरल्याचे कपडे धाकट्याला यावेत तशी. ती धाकटी कोपऱ्यात उभी होती. मामाने या वेळी कोणाच्या खांद्याकडे पाहिलं नाही. टेप काढली आणि लांबी, रुंदी, दार उघडून, दार मिटून, सगळं घेतलं. जुन्या चिमणीच्या मापात ती बोटभराच्या फरकाने बसत होती. इंजिन सुरू केलं तर आवाज थेट त्याच्या शिलाई मशीनचा. रेडा चालवलेल्या माणसाचा चेहरा जरा पडलाच.

"आता मी बसून बघू का?" मामी म्हणाली.

अंगातला मामाने शिवलेला कोट जाड होता, म्हणून तिने तो उतरवून मामाकडे दिला आणि सावकाश गाडीत बसली. मामा कोट हातावर घेऊन उभा राहिला. सवयीने त्याचा अंगठा बाजूच्या शिवणीवरून फिरला आणि मध्येच अडला. त्याने अस्तर उलटून पाहिलं. शिवण उसवून पुन्हा घातली होती, बारीक हातटाक्यांनी, थोड्या वेगळ्या दोऱ्याने. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली.

"मी केलंय," मामी गाडीतून म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्यांदा केलं तेव्हा ही पोर शाळेत होती. प्रत्येक कोटाला करते. तुम्ही शिवणीच्या आत कापड सोडता, म्हणून भागतं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

मामी स्टिअरिंगकडे बघत म्हणाली, "तिचं माप मला पाठ आहे, असं तुम्ही सगळ्यांना सांगायचा. कोटापेक्षा मला ते जास्त आवडायचं. गुडघ्याचंही तसंच झालं. मगर आणलीत तेव्हा किती खूश होतात तुम्ही."

मी रोज त्याच दुकानात सुई धरून बसत होते आणि मलाही दिसलं नव्हतं.

"पण आता कापड संपत आलंय," मामी म्हणाली. "पुढच्या कोटाला नीट माप घ्या."

मामा तिथेच, त्या चकचकीत फरशीवर, बसला. जमिनीपासून आसनापर्यंत टेप लावली, मग मामीच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत. पुन्हा एकदा दोन्ही तपासलं. दुखतं ते आत की बाजूला, उतरताना जास्त की चढताना, असं एकेक विचारत गेला. मामी एकेक सांगत गेली. बाई लांब उभ्या राहून दुसरीकडे बघण्याचा प्रयत्न करत होत्या. माप जमत होतं. हात न धरता मामी उतरली, पुन्हा बसली, पुन्हा उतरली. मग म्हणाली की हिचं नाव चिमणीच, त्या लठ्ठीने उगाच लावून घेतलं होतं.

धाकटी गॅरेजमध्ये शिरली आणि मामा दारातून उतरला, माणसासारखा. शेजारी सायकलीएवढी जागा उरली. सायकल आता नाही, म्हणून एक पुतळा तिथे उभा केला आहे.

शनिवारी दुकान बंद व्हायच्या वेळेला मामी खाली आली आणि गिऱ्हाइकासारखी आरशासमोर उभी राहिली. मामाने गळ्यातली टेप काढली. मी पेन्सिल घेऊन बसले. खांदा, बाही, छाती त्याने नेहमीच्या आवाजात सांगितली. कमरेपाशी आल्यावर तो माझ्या कानाकडे वाकला.

"मला ऐकू येईल असं सांगा," मामी म्हणाली.

त्याने मोठ्याने सांगितलं. मामीने आरशात स्वतःकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि मान डोलावली. मामाने टेप गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

"उद्या कुठे जायचं?" त्याने विचारलं.

इतक्या वर्षांत हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"गाडीत बसल्यावर सांगते," ती म्हणाली, आणि डब्यात काय भरायचं ते बघायला वर गेली.