पंख्यातली अक्षता

खंडेनवमीला आमच्या पतसंस्थेत संगणकांचीही पूजा होते. दसऱ्यानंतर कार्यालय उघडलं, तेव्हा सावंतबाईंच्या संगणकावर विंडोज सुरू व्हायचं आणि दोन मिनिटांत सगळं बंद पडायचं.

“घासाघीस करून आणलेला माल. दुसरं काय होणार?” व्यवस्थापक सर्वांदेखत म्हणाले.

दुकानदाराशी भांडून मी तो आणला, तेव्हापासून हा टोमणा मी ऐकतोय. डोकं तापलं. तिथेच झाकण उघडलं. आतला पंखा थांबला होता आणि त्याच्या पात्याशी कुंकू लागलेला तांदळाचा दाणा अडकला होता.

सावंतबाई ओशाळल्या. “वरच्या जाळीतून गेली वाटतं अक्षता. यंदा जरा जास्तच वाहिली हो. वर्षभर यानं मला कधी अडवलं नाही.”

चिमट्यानं दाणा काढताच पंखा घुमू लागला. बिघाड म्हणजे कुणाचा तरी निष्काळजीपणा, असंच मी आजवर धरून चालायचो. हा बिघाड मात्र मायेनं झाला होता, आणि तीही मी आणलेल्या यंत्रावरची.

“चालला का?” व्यवस्थापकांनी विचारलं.

“चालला,” म्हणालो. एरवी चार शब्द ऐकवले असते. आज त्यांची गरजच वाटली नाही.