न दिलेला चेंडू

लेकीकडे अमेरिकेत असताना गावच्या मैदानावर बेसबॉल पाहायला गेलो होतो. पहिला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, थकला, तेव्हा केस विरळ झालेला एक पोक्त पिचर आत आला. त्याची बायको माझ्या शेजारीच बसली होती.

"दुसऱ्याने घातलेला गोंधळ निस्तरायचा, हेच त्याचं काम," ती म्हणाली. "दर वर्षी नवा संघ, नवं गाव."

त्याचा पहिलाच चेंडू फलंदाजाने लांब टोलवला. प्रशिक्षक मैदानात आले आणि त्यांनी हात पुढे केला. चेंडू निमूट त्यांच्या हातात ठेवून बाहेर जायचं, अशी तिथली रीत. याने चेंडू पाठीमागे धरला आणि नकारार्थी मान हलवली.

असा हात पुढे आला की आपण किती चटकन देऊन टाकतो. कामावरची जागा, घरातला शेवटचा शब्द. वय झालं ना, असं स्वतःच म्हणतो आणि उठतो. नाही म्हणता येतं, हे माझ्या तरी कधी ध्यानात आलं नव्हतं.

प्रशिक्षक परत फिरले. त्याने सगळं बळ एकवटून चेंडू फेकला आणि पुढच्या फलंदाजाची बॅट नुसती हवेत फिरली.

"तरी उद्या संघातून काढतीलच त्याला," टाळ्या वाजवत ती म्हणाली. "काढू देत. आम्ही पुढच्या गावी जाऊ."