संरक्षित बंगल्याचे कवेलू

आर्णीच्या बाहेर, आमच्या शेताच्या कडेला विटांचा बंगला आहे. कापूस खरेदीला आलेल्या कोण्या गोऱ्या साहेबाने तो बांधला. त्याच्या अकलेचं मला लहानपणापासून नवल वाटत आलंय. भिंती हातभर जाड, विटा नदीकाठच्या भट्टीतल्या, चुन्यात बसवलेल्या, छपराला सागवानी तुळया आणि वर मातीचे कवेलू, म्हणजे कौलं. इथवर ठीक. पण ज्या मुलखात उन्हाळाभर माणसं अंगणात खाटा टाकून झोपतात, तिथे या बहाद्दराने दिवाणखान्यात शेकोटी बांधली. भिंतीत कमान, आणि थेट छपरातून वर गेलेलं धुराडं. साहेबाला इथे थंडी वाजली असेलच, तर ती हिवतापाची.

साहेब गेला, बंगला एका व्यापाऱ्याकडे आला, आणि त्याच्याकडून शेतासकट माझ्या आजोबांनी घेतला. साहेबाच्या जेवणाच्या खोलीत आमची तूर पडली. शेकोटीचा उपयोग मात्र माझ्या आईने शोधून काढला. लग्न होऊन आली आणि तिने तिथे कांदे ठेवले. धुराड्यामुळे वारा खेळतो, कांदा सडत नाही. एवढ्या वर्षांत त्या शेकोटीने केलेलं हे पहिलं काम.

वडील गेल्यावर आई तिथे एकटी राहिली. मी लोहाऱ्याला, नवऱ्याच्या कारखान्याच्या नोकरीपायी सिमेंटच्या खुराड्यात. ये म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर, "मले नाही जमत बाई तुया डब्यात. मी इथंच मरीन." याहून जास्त तिने आयुष्याकडे काही मागितलं असेल असं मला वाटत नाही.

मग सरकारदरबारी कोणाला तरी आमच्या बंगल्याचा साक्षात्कार झाला. गाडीभर माणसं आली. कमानींचे फोटो काढले, विटा बोटांनी वाजवून पाहिल्या, आणि शेकोटीपुढे तर देवळात उभं राहावं तशी उभी राहिली. एकाने नाक मुरडून विचारलं, "हे कांदे कोणाचे?"

"माये," आई म्हणाली.

"हलवावे लागतील. ही मूळ रचना आहे."

कांदे हलले. दाराशी 'संरक्षित वास्तू' असा निळा फलक लागला. घर आमचंच राहणार होतं, फक्त परवानगीशिवाय त्याला हात लावायचा नव्हता. आईला तेव्हा अभिमानच वाटला. तिने सगळ्यांना चहा केला. आल्यागेल्याला चहा न विचारणं तिला कधी जमलंच नव्हतं.

आता, कवेलूचं घर म्हटलं की उन्हाळा संपता संपता कवेलू फेरावेच लागतात. वर्षभर माकडं छपरावर नाचतात, कवेलू सरकतात, फुटतात. मृगाच्या आधी माणूस वर चढतो, कचरा झाडतो, फुटके बदलतो आणि ओळी पुन्हा नीट बसवतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. फलक लावणाऱ्या कार्यालयाला कळेना. आईने विचारणा केली तर उत्तर आलं, छपराला हात लावायचा तर तज्ज्ञांची समिती पाहणी करील, मग ठरेल. माकडांना मात्र कोणाची पाहणी लागत नव्हती. पहिल्या पावसाळ्यात समिती आलीच नाही. दुसऱ्या वर्षी आली ती पोळा झाल्यावर, घरात पाणी साचल्यावर.

मी तेव्हा तिथेच होते. त्यांच्यातला मोठा साहेब ओल्या भिंतीवरून हात फिरवत हळहळला, "देखभाल झालेली दिसत नाही."

माझं डोकं फिरलं. "तुम्हीच करू दिली नाही, साहेब."

"ते खरं. पण नियमात बसत नव्हतं ना." इतकं शांतपणे म्हणाला की त्याच्या शिक्षणाची मला कीव आली. निर्णय झाला, वास्तू राहण्यास धोकादायक. चोर सोडून संन्याशाला सुळी, तशी माझी आई घराबाहेर निघाली.

लोहाऱ्याला ती खिडकीशी बसून असायची. जेवण तुटलं. पाऊस आला की म्हणायची, "घर गळून राह्यलं असन." दुसरं बोलणं नाही. ही आता या खिडकीशीच संपणार, या विचाराने मी घाबरून गेले होते.

पुढच्या पावसाळ्यात तिने हट्टच धरला, म्हणून तिला बंगल्यावर घेऊन गेले. रिकामं घर राखायला कार्यालयाने तिथे एक चौकीदार ठेवला होता, उमरखेडकडचा, पन्नाशीचा. व्हरांड्यात पाणी, तुरीच्या खोलीत पाणी. दिवाणखाना तेवढा कोरडा खडखडीत. तिथे त्याची खाट. आणि शेकोटीत कांदे.

आईने वर पाहिलं. "कवेलू कोणं फेरले, बापू?"

"मीच, माय. अंगावर पाणी पडून राह्यलं होतं."

"अन् परवानगी?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "झोपाले कायची परवानगी, माय?"

आई किती तरी महिन्यांनी हसली. मग मला म्हणाली, "माई खाट धाडून दे."

ती परत आलीच नाही. उघडीप पाहून चौकीदाराने बाकीचं छप्परही फेरलं, आई खालून हुकूम सोडत होती. कागदोपत्री घर आजही रिकामं आणि धोकादायक आहे. मध्यंतरी बदलून आलेला नवा साहेब पाहणीला आला. कोरड्या भिंती पाहून खूश झाला, संरक्षणाचा परिणाम दिसतोय म्हणाला. मग त्याला आई दिसली.

"या कोण?"

"माई माय होय, साहेब. गावाहून आली," चौकीदाराने ठोकून दिलं.

साहेबाने मोठ्या मनाने चालवून घेतलं. जाताना जरा आवाज चढवून तिला समजावलं, "आजी, हे जुनं, मौल्यवान घर आहे. आपलंच समजून कशालाही हात लावायचा नाही, बरं का."

आई बरं म्हणाली. चहा मात्र तिने विचारला नाही.