निशाण धरणारे मामंजी

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हेलिकॉप्टरचा आवाज आमच्या आधी ऐकू यायचा. भाकरीचा तुकडा कालवणात तसाच धरून ते म्हणायचे, "बेल हाय. जुनं मॉडेल." आम्ही सगळे अंगणात धावायचो, आभाळात बराच वेळ काहीच नसायचं आणि मामंजी आत निवांत जेवत असायचे. हवाई दलात मेकॅनिकच्या हाताखाली उमेदीची वर्षं घालवलेला माणूस चुकेल कशाला, असा त्यांचा तोरा.

टेंभुर्णीजवळच्या त्या वस्तीवर मी लग्न होऊन आले, ती एकोणीसशे सत्तरनंतरची वर्षं. मला सगळी हेलिकॉप्टरं सारखीच वाटायची. हे त्यांना सहन होईना. "सूनबाई, पंखा समद्यांनाच असतोय. शेपूट बघायचं." पुढे काचेचा फुगा आणि मागे शेपटीची नुसती जाळी दिसली तर बेल. फुगा तसाच, पण शेपूट नळीसारखी बंद असली तर हिलर. थोराड अंगाचं, नाकात इंजिन कोंबलेलं आणि वैमानिक माडीवर बसल्यासारखा उंच, ते रशियन. एकदा ते हिलरला बेल म्हणून बसले, तर दोन दिवस आत्याबाईंशी धड बोलले नाहीत. चूक स्वतःची आणि रुसवा माझ्या सासूबाईंवर!

पुढे उसावर पाकोळी नावाची कीड पडली आणि फवारणीसाठी हेलिकॉप्टर थेट आमच्या शिवारात आलं. वैमानिकाला ओळ कळावी म्हणून शेताच्या टोकाला पांढरं निशाण घेऊन माणूस उभा करत. हेलिकॉप्टरनं ओळ धरली की त्या माणसानं वारा येतो त्या बाजूला सरकून पुढची ओळ गाठायची. मामंजी पहिल्याच दिवशी हौसेनं निशाण घेऊन गेले आणि जागचे हलले नाहीत. यंत्र खालून बघायला मिळतं, ते सोडून बाजूला कोण होणार?

संध्याकाळी ते फवाऱ्यानं भिजून यायचे. अंगाला असा उग्र वास, की आत्याबाई त्यांना अंगणातच उभं करून बडबडत पाणी ओतायच्या. मामंजी मात्र खुशीत असायचे. एवढं जुनं यंत्र, पण पोटाला तेलाचा ओघळ नाही, असं मला कौतुकानं सांगायचे.

दुसऱ्या हंगामात एके दुपारी ते उलट्या करत घरी आले. तोंडातून लाळ, अंगाला थरथर. ट्रकमध्ये घालून सोलापूरच्या दवाखान्यात नेलं, म्हणून वाचले. हे विष पुन्हा अंगावर पडलं तर माणूस हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी आमच्या ह्यांना स्पष्ट सांगितलं. घरी आल्यावर मामंजींच्या हातात पाण्याचा तांब्या ठरेना. तरी लांबून आवाज आला की डोळे लकाकायचे. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही.

तिसऱ्या वर्षी पाकोळी परत आली. मामंजींची दशा पाहिलेली, त्यामुळे निशाण धरायला कोणी पुढे येईना. हेलिकॉप्टर माळावर येऊन थांबलेलं आणि समोर ऊस पिवळा पडत चाललेला. शेवटी ह्यांनीच निशाण उचललं.

"जाऊ नगंस," मामंजी खाटेवरून म्हणाले. मी बाजूला सरकेन की, तुमच्यासारखा आभाळाकडं बघत थांबणार नाही, असं म्हणून हे निघून गेले.

पंख्याचा आवाज सुरू झाला तसे मामंजी उठून बसले. सकाळपासून वारा सारखा दिशा बदलत होता. पोरगं सरकून सरकून कुठं सरकणार, असं पुटपुटत ते भिंत धरून बाहेर पडले आणि चक्क पळायला लागले. आत्याबाई आणि मी मागून धावलो. आम्ही बांधावर पोचलो तेव्हा हेलिकॉप्टर ओळीवर आलेलं होतं आणि मामंजी ह्यांच्या हातातलं निशाण हिसकावत होते. "माझ्या अंगात गेलंय तेवढं बास हाय. तुझ्यात नगं. पळ." त्यांनी ह्यांना एवढ्या जोरानं ढकललं, की हे बांधाखाली पडले आणि उठून पळाले. ती ओळ मामंजींच्या डोक्यावरून गेली.

ह्यांनीच त्यांना पाठीवर घालून घरी आणलं. ट्रक येईपर्यंत मी त्यांचं तोंड पुसत बसले होते. रडू आवरावं म्हणून की त्यांना बरं वाटावं म्हणून, कोण जाणे, मी विचारलं, "मामंजी, आज कोणतं होतं?"

"बघितलं न्हाय गं," ते म्हणाले. "ह्यो कुठवर पळाला, तेच बघत हुतो."

सोलापूरच्या वाटेवरच मामंजी गेले.