फाशी आधी, साक्ष नंतर

हापसाकाकू इराकमधल्या कलार गावात आमच्या शेजारी राहायची. अठ्ठ्याऐंशी साली हुकूमशहाच्या सैनिकांनी तिच्या खेड्यातली सगळी माणसं ट्रकात कोंबून नेली. काकू आणि तिची तान्ही मुलगी तेवढ्या सुटून आल्या. नवरा आणि थोरला मुलगा हेमिन आलेच नाहीत. पुढं अठरा वर्षं तिनं तंदुरावर रोट्या भाजून पोट भरलं.

मग आम्हा कुर्दांच्या कत्तलीचा खटला हुकूमशहावर बगदादला उभा राहिला आणि साक्षीदारांत काकूचं नाव लागलं. तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. नवा झगा शिवायला टाकला. रोज मला समोर बसवून साक्षीचा सराव करायची.

"तू तो आहेस. मान वर कर."

"काकू, कोळशानं मिशी काढू का?"

"काढ. तुझ्या तोंडाकडे बघून राग येत नाही मला."

ऐन ईदच्या सकाळी टीव्हीवर बातमी आली: त्याला फासावर चढवलं. गल्लीत ढोल घुमले. हातात हात घालून बायाबापड्यासुद्धा नाचत होत्या. माझा नवरा कारवान धावत काकूकडे गेला.

"काकू, चल नाचायला!"

"कुणाच्या खुनासाठी दिली फाशी?"

"दुसऱ्या एका गावातल्या लोकांच्या."

"आणि आपल्या?"

"अगं, एका माणसाला किती वेळा लटकवणार?"

"मला त्याला लटकवायचं नव्हतं रे. हेमिनला कुठं पुरलं, ते विचारायचं होतं."

ती उठली आणि पीठ मळायला बसली.

त्याच्या साथीदारांवरचा खटला मात्र चालूच राहिला. महिन्याभरानं काकूला बोलावणं आलं. सोबत मी गेले. न्यायालयात त्याची खुर्ची रिकामी होती. काकू क्षणभर थबकली, मग शेजारी बसलेल्या, ती कत्तल घडवणाऱ्या सेनापतीकडे वळली.

"तू तर आहेस ना? सांग, ट्रक कुठं गेले?"

तो कागद चाळत राहिला. तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. शेवटी न्यायाधीशांनी दटावलं तेव्हा तो पुटपुटला, "आठवत नाही."

"लिहून घ्या साहेब," काकू म्हणाली. "आठवत नाही म्हणतो. सगळ्यांसमोर म्हणतो."

परतीच्या वाटेवर गाडीत तिची टकळी थांबेना. "बघितलंस? मान वर करवेना त्याला. माझ्यासमोर!" गाल लाल झाले होते. कलार येईपर्यंत तिनं तो प्रसंग चालकाला चार वेळा ऐकवला.

त्या सेनापतीलाही पुढं फाशी झाली. त्या दिवशीही काकू नाचली नाही. दक्षिणेच्या वाळवंटात कुठं सामूहिक कबर सापडली की ती तिथल्या हाडांशी जुळवायला रक्ताचा नमुना द्यायला जाते. हेमिन अजून सापडलेला नाही.