शेरा मारून परत

शेख मुक्बिल यांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द सहसा निघत नसे. रियाधच्या अपील कोर्टातला न्यायाधीश आणि ‘नाही’ म्हणत नाही, याचं त्यांच्या ड्रायव्हरला, म्हणजे हारूनला, सुरुवातीला मोठं नवल वाटे. पुढे त्याला कळलं की शेख ‘नाही’पेक्षा अवघड काहीतरी म्हणतात.

हारूनने बाजारातून कलिंगड आणलं की शेख ते मांडीवर घेत, बोटाच्या पेराने वाजवत, कान लावत आणि त्याच्याच हातात परत देत.

"निकाल तुझा, अबू मुआज. मी तो बदलणार नाही. फक्त शेरा मारतो. पुन्हा एकदा वाजवून बघ."

अरबांत बापाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. त्यामुळे राजापूरच्या खाडीकाठचा हारून त्या घरात ‘अबू मुआज’, मुआजचा बाप, झाला होता. तो निमूटपणे कलिंगड घेऊन पुन्हा दुकानात जाई. येमेनी दुकानदार त्याला लांबून पाहूनच हसायचा. "आलं का कोर्टातून परत?"

शेखांचं कोर्टही असंच चाले. खालच्या न्यायाधीशाचा निकाल अपिलात आला की शेख आणि आणखी दोन न्यायाधीश एकत्र बसून कागद वाचत. काही खटकलं तर लगेच निकाल फिरवत नसत. शेरा मारून तो त्याच न्यायाधीशाकडे परत पाठवत. त्याने पुन्हा पाहावं, पटलं तर सुधारावं, न पटलं तर ‘मी निकालावर ठाम आहे’ असं कळवावं. ठाम राहायचा त्याला पूर्ण हक्क. शेखांना या पद्धतीचा फार अभिमान होता. ते म्हणत, "माणसाची चूक दुसऱ्याने दुरुस्त केली तर तो रागावतो. त्याची त्यालाच करू दिली तर सुधारतो."

स्वतः शेख बुरैद्याचे. वडील तिथल्या खजूर बाजारात दलाल होते. मुलाने गादीवर बसावं ही त्यांची इच्छा होती, पण मुलाचा जीव पुस्तकात. शिकून न्यायाधीश झाले तेव्हा पहिली नेमणूक मिळाली ती पार दक्षिणेला, जिझानच्या वरच्या डोंगरातल्या एका खेड्यात. तिथून बऱ्याच वर्षांनी बुरैदा आणि मग बढती मिळून रियाध. कागद वाचून वाचून डोळे अधू झाले. बुरैद्यात असतानाच एकदा त्यांनी गाडी शेजाऱ्याच्या फाटकावर घातली, तेव्हा त्यांच्या बायकोने, उम्म फहदने, गाडीची किल्ली काढून घेतली. त्या घरात उम्म फहदच्या निकालावर अपील नव्हतं. तेव्हा बुरैद्यात एका व्यापाऱ्याचा खजुराचा ट्रक चालवणारा हारून शेखांकडे आला, आणि बढतीबरोबर त्यांच्यासोबत रियाधला गेला.

गाडीत शेख कोर्टातल्या खटल्यांबद्दल चकार शब्द काढत नसत. एकच गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगत, ती डोंगरातल्या विहिरीची. दोन भाऊ विहिरीवरून भांडत कोर्टात आले. तरुण मुक्बिलने वाटणी करून दिली, दोघेही खूश होऊन गेले. कुणी तक्रार केली नाही, तरी नियमाप्रमाणे कागद वर तपासणीला गेले आणि एका ओळीचा शेरा घेऊन परत आले: ‘या विहिरीवर आणखी कोण पाणी भरतं?’

"मला असा राग आला!" शेख सांगत. "म्हटलं, हे रियाधमध्ये पंख्याखाली चहा पिणारे लोक, यांना डोंगरातलं काय कळतं? ठाम राहणार होतो. पण आधी जाऊन तर बघावं म्हणून गाढवावरून वर गेलो."

"आणि?" हारून दर वेळी विचारी, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा.

"आणि काय! विधवा बहीण होती त्यांची. माझ्या निकालाने तिची पायवाटच बंद झाली होती. दोघे भाऊ खूश, मी खूश, आणि ती रिकामा हंडा घेऊन उभी."

हे सगळं ठीक होतं, जोवर शेरे कलिंगडावर आणि डोंगरातल्या विहिरीवर पडत होते. २००५च्या उन्हाळ्यात ते हारूनवरच आले.

खाडीकाठी मुलगा दाढी करायला लागला की त्याचा पासपोर्ट काढतात. हारूनचा मुआज आता मासळीचा टेम्पो रत्नागिरीपर्यंत नेऊ लागला होता. शेख लवकरच निवृत्त होऊन बुरैद्याच्या खजुराच्या बागेत राहायला जाणार होते. एकदा ते तिकडे गेले की दुसऱ्या ड्रायव्हरचा व्हिसा कशाला काढतील? काय मागायचं ते आत्ताच मागायला हवं होतं. इतक्या वर्षांत हारूनने त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं.

खजुराच्या हंगामात बुरैद्याला जाताना त्याने विषय काढला. "शेखसाहेब, माझ्या मुआजला आपल्याकडे ड्रायव्हर म्हणून आणायचं ठरवलंय मी. तुम्ही व्हिसा काढलात तर उपकार होतील."

"ठरवलंस? उत्तम." शेख खिडकीबाहेर बघत होते. "मुआजला विचारलंस?"

हारूनला वाटलं, थट्टा चाललीय. "साहेब, व्हिसाला कुणी नको म्हणतं का?"

"निकाल तुझा," शेख म्हणाले. "शेरा माझा."

पुढच्या शुक्रवारी हारून रियाधच्या बथा बाजारात रफीककडे गेला. रफीक त्याच्याच गावचा, तिथे लाँड्रीत इस्त्री करायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि इस्त्री आपटली.

"अरे, एवढी वर्सं त्याची गाडी पुसलीस, आन एक व्हिसा मागितलास तर सायब शेरे मारतो? माज्या मालकाला, कफीलला सांगतो. महिन्याभरात काढतो की नाय बघ."

"नको रे. पोरगा माज्या नजरंसमोर पायजे. दुसऱ्याच्या दारात कशाला?"

"मग बस कलिंगडं वाजवीत!"

हारूनने तिथूनच घरी फोन लावला. मुआजने प्रश्न पुरा होऊ दिला नाही. "अब्बा, येतो की! कधी येऊ? टेम्पोवाल्याला आजच सांगू काय?"

शनिवारी सकाळी हारूनने शेखांना कोर्टात नेताना जिंकलेल्या वकिलासारखं सांगितलं, "विचारलं साहेब. तो तयार आहे. एका पायावर तयार आहे."

"माशाअल्लाह." शेखांनी चष्मा पुसला. "आता दुसरा शेरा. या विहिरीवर आणखी कोण पाणी भरतं?"

हारूनचं वळण चुकलं. कोर्ट मागे राहिलं आणि गाडी भलत्याच रस्त्याला लागली. त्याला मनातून रफीकचं म्हणणं पटू लागलं होतं. मोठी माणसं, द्यायचं नसलं की अशी कोडी घालतात.

"व्हिसा द्यायचा नसेल तर तसं सांगा, साहेब," तो शेवटी म्हणाला. आवाज त्याच्या इच्छेपेक्षा वर गेला.

"अबू मुआज, ‘मी ठाम आहे’ एवढं म्हण. आज दुपारीच अर्ज करतो." शेखांचा सूर जराही बदलला नव्हता. "तो तुझा हक्क आहे. पण आधी जाऊन बघ."

ठाम राहायचं, असं हारूनने नक्की केलं. तरी विचारायला काय जातंय म्हणून दुपारी त्याने घरी पुन्हा फोन लावला, आणि या वेळी मुआज नको, त्याच्या आईला दे, म्हणाला.

"काय झालं? बरं हाव ना?" रुकय्या घाबरलीच. नवरा फोनवर मुद्दाम तिला बोलावतो, हे तिच्या सवयीचं नव्हतं.

"बरा हाय. मुआजला हितं आनतोय. म्हटलं तुला इचारावं."

पलीकडे चुलीवरचं काहीतरी उतरवून ठेवल्याचा आवाज आला.

"मला इचारताव?" ती म्हणाली. "तुमी गेलंव तवा कोनी इचारला नवता. तुमच्या आईने बॅग भरली, मी चूल फुंकीत व्हते."

"तवाची गोष्ट वेगळी, रुकय्या."

"वेगळी कशी? मुआजचे अब्बा, येक सांगा. तुमी सुट्टीला येताव तवा मी काय करते?"

"काय करतेस?"

"कोंबडी करते. वडे करते. दुसऱ्या दिवशी सुरमय, तिसऱ्या दिवशी मटन. आलेल्या पाव्हन्याला घालावं तसं. कालचं राहिलेलं सार मी माज्या नवऱ्याला कदी वाढलेलंच नाय. शेजारनी नवऱ्याला शिळं वाढतात आन तो कुरकुरतो, ते आयकून माजा जीव जळतो. आता पोरालापन पाव्हना करनार काय?"

हारूनने मनात चाचपून पाहिलं. खरंच, लग्नानंतर स्वतःच्या घरात त्याने आदल्या दिवशीचं काही खाल्लं नव्हतं. मुरलेल्या साराची चव त्याला आईच्या हातची आठवत होती, बायकोच्या हातची नाही.

"मग नको आनू त्याला?" त्याने हळूच विचारलं.

"न्या की. त्याला हौस हाय, मी कशाला आडवी येऊ? पन त्या गाडीच्या सीटवर दोगं मावायचे नाय. तो चढला की तुमी उतरा. दोगंपन तिकडं आन मी हितं भिंतीसंगं बोलत बसू, ह्ये नाय व्हायचं."

पुढच्या दोन दिवसांत हारूनला कितीतरी गोष्टी पहिल्यांदा दिसल्यासारख्या झाल्या: आरशाला अडकवलेली शेखांची जपाची तसबीह, मागच्या सीटवरचा त्यांच्या बसण्याने पडलेला खड्डा. परत गेलो तर मी कोण, हा प्रश्न त्याला सुटत नव्हता. गावात त्याला सगळे ‘सौदीवाला’ म्हणून ओळखत. आणि गाडीची सवय एवढी की सुट्टीत रिक्षात बसला तरी त्याचा पाय ब्रेक शोधायचा.

तिसऱ्या दिवशी कोर्टाच्या दारात त्याने गाडी थांबवली, पण उतरून दार उघडलं नाही.

"शेखसाहेब, निकाल सुधारलाय. मुआज येईल. त्याला रस्ते दाखवतो, आणि मग मी जातो. कायमचा. खलास."

शेखांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

"छान काम केलं मी," ते म्हणाले. "आयुष्यभर लोकांच्या निकालांवर शेरे मारले. हा पहिलाच, जो फिरून माझ्याच डोक्यावर पडला. अरे, या विहिरीवर मीपण पाणी भरतो! मला कुणी विचारलं?"

हारून मागे वळला. "विचारतो ना. तुमचं काय म्हणणं आहे, साहेब?"

शेखांचे ओठ हलले, आणि मग ते एकदम हसले. डोळ्यांत पाणी येईतो हसले. "विचारलंस ना? पुरे. निकाल कायम."

घरी मात्र उम्म फहदने दोघांनाही फैलावर घेतलं. पडद्याआडून तिचा आवाज आला, "अबू मुआज चालला? आणि मला कुणी विचारलं?" तिने हुकूम सोडला की नव्या पोराला टोमॅटो निवडता येईपर्यंत जुना हलणार नाही. त्यावर अपील नव्हतंच.

मुआज थंडी सुरू होता होता आला. टोमॅटो लवकर शिकला, कलिंगड शिकायला उन्हाळा उजाडला. विमानतळावर जाताना गाडी तोच चालवत होता. शेखांनी हारूनला आपल्याजवळ मागे बसवलं. गतिरोधकावर गाडी आदळली, तेव्हा दोघेही एका सुरात ओरडले, "हळू!" आणि एकमेकांकडे बघायचं टाळून आपापल्या खिडकीतून बाहेर बघत राहिले.

गावी पोचला त्या दुपारी रुकय्याने सवयीने कोंबडी-वडे वाढले. हारूनने ताट पाहिलं आणि हळूच पुढे सरकवलं.

"निकाल तुजा," तो म्हणाला. "पन कालचं सार हाय काय जरा?"

रुकय्या त्याच्याकडे बघतच राहिली. "आज नाय. आजचं उद्या असंल."

"मग उद्या दे," हारून म्हणाला, आणि ताट पुन्हा जवळ ओढलं. "मी हाय."